वाचक विचारतात: बांदाच्या बेटांवर राहायचं कसं आणि कमवायचं काय?

मागच्या अंकात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर एक लेख आला होता, त्यावर इतके प्रश्न आलेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. ज्यांचा तो लेख वाचायचा राहिला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मलुकू प्रांतात, बांदा समुद्राच्या मधोमध छोट्या बेटांचा एक पुंजका आहे. नेइरा हे त्यातलं मुख्य गाव, बाजार-बंदर-ऑफिसं सगळं तिथंच. समोर गुनुंग आपी नावाचा जिवंत ज्वालामुखी, पलीकडे लोन्थोर म्हणजे बांदा बेसार, हे सगळ्यात मोठं बेट, आणि लांब पश्चिमेला आय आणि रुन. जवळचं मोठं शहर अंबोन, तेही समुद्रातून 200 किलोमीटरवर. जायफळ मुळात जगाला मिळालं ते इथूनच.

प्रश्न: मी आयटीत आहे, पस्तिशी गाठली, आता कंटाळा आलाय. रुनसारख्या बेटावर एखादं घर घेऊन कायमचं राहता येईल का? लॅपटॉपवर काम करेन, बाकी मासे आणि समुद्र. प्रॅक्टिकल उत्तर द्या.

प्रॅक्टिकलच देतो. घर घेणं विसरा. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त त्यांच्या नागरिकालाच मिळतो, परदेशी माणसाला फार तर ठराविक मुदतीचा वापराचा हक्क, आणि त्यालाही तिथला राहण्याचा परवाना लागतो. बरेच जण स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन आतून कागद करतात, ते कायद्यात बसत नाही, उद्या भांडण झालं तर तुमच्या हातात काही राहत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या गावातली जमीन गावाच्या हातून जाते. टूरिस्ट व्हिसावर तिथं काम पण करता येत नाही.

आता राहण्याचं बोलू. रुन हे जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरपेक्षा कमी रुंद बेट आहे. झरा नाही, नदी नाही. पावसाचं पाणी पत्र्यावरून टाकीत घ्यायचं आणि तेच पुरवायचं, कोरडे महिने लांबले की पाणी बाहेरून होडीनं आणावं लागतं. नेइराला जायचं तर सकाळी लवकर गावाची होडी निघते, साधारण दोन तास लागतात, बाजार करून दुपारी तीच होडी परत. ती चुकली की मुक्काम, नाहीतर अख्खी होडी भाड्यानं घ्या, आणि डिझेलचा खर्च बघितला की माणूस मुक्कामच करतो. वारा सुटला की होडीच नाही. जून ते ऑगस्ट पूर्वेकडचा वारा आणि डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत पश्चिमेकडचा, म्हणजे वर्षातले बरेच महिने समुद्र काय म्हणतो त्यावर तुमचं सगळं वेळापत्रक. इंटरनेट आता बरंच पोचलंय, देशभरातलं पालापा रिंग केबलचं जाळं 2019 ला पूर्ण झालं आणि 2024 पासून इंडोनेशियात स्टारलिंक पण आहे, पण वीज गेली की नेट गेलं आणि वीज बऱ्याच ठिकाणी डिझेलवर चालते, जे जहाजानंच येतं.

जाऊन महिनाभर राहा जरूर, कुणाच्या तरी घरी पैसे देऊन राहा, पाणी किती बादल्या लागतं ते स्वतः मोजा. कायमचं राहण्याचा विचार मात्र सोडा असं मी स्पष्ट सांगेन, कारण तिथल्या लोकांना अजून एक पाणी वापरणारा नकोय, त्यांना वेळेवर येणारं जहाज हवंय.

प्रश्न: जायफळ एवढं महाग मिळतं आपल्याकडे, मग तिथले लोक श्रीमंत असायला हवेत ना? की आता जायफळावर घर चालत नाही?

घर चालतं, पण श्रीमंती दुसऱ्याच्या घरी जाते. कशी ते सांगतो, जरा लांबण लागेल पण हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

जायफळाचं झाड लावलं की फळ यायलाच पाच-सात वर्षं, भरघोस यायला पंधरा-वीस. रोप नर की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, म्हणजे काही झाडं वर्षानुवर्षं वाढवून मग फळ देणारी नाहीत असं निघतं. डोक्यावर कनारीची उंच झाडं लागतात, सावलीला आणि वाऱ्याला अडवायला, जुन्या बागांमध्ये ती इतकी प्रचंड आहेत की खाली दुपारी पण अंधारल्यासारखं वाटतं. फळ पिकून उकललं की लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या छोट्या टोपलीनं, तिला गाई-गाई म्हणतात, एकेक फळ अलगद ओढून काढायचं. मग अंगणात बसून फळ सोलायचं, आतली लालभडक जायपत्री न फाटता बोटांनी सोडवायची, ती वेगळी चटईवर, बी वेगळी. जायपत्री एकेका फळात अगदी थोडी निघते म्हणून किलोला भाव तिला जास्त. बी मात्र काही आठवडे वाळवत ठेवायची, रोज हलवायची, कवचाच्या आत खुळखुळली की झाली.

खरा घोळ या वाळवण्यातच आहे. बेटावर पाऊस कधीही येतो, ताडपत्री ओढायला दोन मिनिटं उशीर झाला की माल दमट, दमट मालाला बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, आणि युरोपात इंडोनेशियाच्या जायफळाची त्यासाठीच कडक तपासणी होते, माल परत पण गेलाय. त्यामुळं चांगला वाळलेला माल आणि कसातरी वाळलेला माल यांच्या भावात फरक पडायला हवा. पण गावात माल घेणारा असतो तो पेंगेपुल, तो बऱ्याचदा आधीच तांदूळ उधार देऊन बसलेला असतो, पोराच्या फीला पैसे दिलेले असतात, मग माल त्यालाच आणि भाव तो म्हणेल तो. त्याच्याकडून नेइराचा व्यापारी, तिथून अंबोन, तिथून जावामधलं सुराबाया बंदर, मग बाहेर देशात. ज्यानं काळजीनं वाळवलं त्याला त्या काळजीचे पैसे मिळत नाहीत, मग पुढच्या वेळी तो तरी कशाला एवढा जीव लावेल?

माझं मत विचाराल तर बांदाला नवीन पीक नको, नवीन स्कीम नको, गावाच्या मालकीच्या वाळवणाच्या शेड हव्यात, पारदर्शक छत, खाली जाळीचे रॅक, आणि गावानं एकत्र माल विकायचा. पैसे नाहीत असं पण नाही. 2015 पासून केंद्राचा ग्रामनिधी थेट गावाला येतो, दाना देसा म्हणतात त्याला, सरासरी एका गावाला वर्षाला एक अब्ज रुपियाच्या आसपास, म्हणजे आपले पन्नास लाखांच्या वर. त्यातून रस्ते आणि धक्के झालेत, ते लागतातच, पण थोडे पैसे जायफळाच्या शेडला गेले तर दोन-तीन वर्षांत फरक दिसेल असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, फळाचा गर. जायफळ आणि जायपत्री काढून घेतली की बाहेरचा जाडजूड गर बराचसा बागेतच टाकून देतात. नेइरात बायका त्याचा जॅम करतात, साखरेत मुरवून वाळवलेल्या फोडी करतात, आंबट-तिखट-गोड अशी मजेदार चव असते. हे सगळं बायकांच्या हातात आहे आणि पैसे पण थेट त्यांच्याच हातात येतात, पेंगेपुल मध्ये नाही. फक्त बाटल्या आणि साखर जहाजानं येणार, माल जहाजानं जाणार.

प्रश्न: रुन बेट देऊन मॅनहॅटन घेतलं असं म्हणतात ते खरं आहे का? इतिहासाचा विद्यार्थी आहे.

अर्धं खरं. इंग्रज आणि डच यांच्यात 31 जुलै 1667 ला झालेल्या ब्रेडाच्या तहात ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्यानं ठेवावं असं ठरलं. इंग्रजांनी 1664 मध्ये मॅनहॅटनवरचं डचांचं न्यू ॲम्स्टरडॅम घेतलेलं होतं आणि रुन डचांच्या ताब्यात होतं, म्हणून अदलाबदल झाली असं सांगायची पद्धत पडली. रुनच्या लोकांना यातलं कुणी काही विचारलं नाही, तोपर्यंत तिथली जायफळाची झाडं डचांनी तोडून टाकलेली होती. पण विद्यार्थी आहात तर 1621 वाचा, त्याशिवाय बांदा कळत नाही. यान पीटरझून कून या डच गव्हर्नर-जनरलनं बेटं जिंकली तेव्हा साधारण 15,000 लोकांपैकी जेमतेम हजारभर उरले असं मानतात, बाकीचे मारले गेले, उपासमारीनं गेले, गुलाम करून बटाव्हियाला म्हणजे आजच्या जकार्ताला नेले किंवा पळाले. पळालेल्यांपैकी काही कै बेटांवर पोचले, तिथं बांदा एली आणि बांदा एलात ही गावं आजही बांदाची मूळ भाषा बोलतात. खुद्द बांदामध्ये ती भाषा राहिली नाही. कूननं बागांचे 68 तुकडे करून डच कंत्राटदारांना वाटले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. आज तिथं राहणारे लोक त्या सगळ्या आलेल्यांचे आणि नंतर जावा, सुलावेसी, बुतोनकडून आलेल्यांचे वंशज आहेत.

प्रश्न: दोन लहान मुलं आहेत म्हणून विचारते, तिथल्या आया शाळेचं आणि दवाखान्याचं काय करतात हो?

ताई, तिथली घरं मोडतात ती याच दोन गोष्टींवर. लहान वर्गांची शाळा बेटावर असते. वरच्या शिक्षणाला नेइरा, आणि नेइरामध्ये हट्टा-शाहरीर यांच्या नावानं सुरू झालेलं कॉलेज पण आहे जिथं मत्स्यशास्त्र शिकवतात. मोहम्मद हट्टा आणि सुतान शाहरीर, म्हणजे पुढचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष आणि पहिले पंतप्रधान, 1936 ते 1942 डचांनी त्यांना इथं हद्दपार करून ठेवलं होतं आणि दोघं गावातल्या मुलांना घरी बोलावून शिकवायचे. त्यामुळं शिक्षणाचं महत्त्व इथं कुणाला पटवावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे. पोरगं शिकायला अंबोनला, मकासारला गेलं की परत येण्यासारखी नोकरी बेटावर नाही. सरकारी ऑफिस, शाळा, दवाखाना सोडला तर पगाराची जागा कुठंय? आणि बाहेरून नेमलेले शिक्षक बदली मागत राहतात, खराब हवामानात सुट्टीवर गेलेला शिक्षक जहाज नाही म्हणून अडकतो, वर्ग तसाच बसून.

दवाखान्याचं म्हणाल तर नेइरामध्ये छोटं हॉस्पिटल आहे, बाकी बेटांवर नर्स आणि दाई यांच्यावर बरंच. 2014 पासून राष्ट्रीय आरोग्य विमा आहे, त्यामुळं उपचाराच्या बिलाची भीती खूप कमी झाली हे मान्य करायलाच हवं. पण कार्ड असून होडी नसेल तर काय उपयोग? बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, रात्र आहे, वारा आहे, रुनहून दोन तासांचं खुलं पाणी, हा हिशोब तिथली प्रत्येक बाई पोटुशी राहिली की करते. म्हणून पुष्कळ जणी दिवस भरत आले की आधीच नेइराला नातेवाइकांकडे जाऊन राहतात. मला विचाराल तर दुसरं काही करण्याआधी दर लांबच्या बेटाला एक चांगली बंदिस्त, जोरदार इंजिनाची पेशंटसाठीची होडी आणि तिच्या डिझेलचा बारा महिन्यांचा पैसा, एवढं केलं पाहिजे. होडी मिळते हो, डिझेलसाठी पैसे संपले म्हणून ती किनाऱ्यावर पडून राहते, हेच नको.

प्रश्न: मासळीचा धंदा करतो. बांदा समुद्रात ट्यूना भरपूर म्हणतात, मग गरिबी का?

बर्फ. एका शब्दात उत्तर झालं तुमच्यासाठी, तुम्हाला लगेच कळेल. छोट्या होडीतून हातदोरीनं पकडलेला पिवळ्या पराचा ट्यूना म्हणजे एक नंबर माल, जाळ्यात चेंगरलेला नाही, मलुकूतल्या काही कोळ्यांना 2014 पासून फेअर ट्रेडचं प्रमाणपत्र पण मिळालंय आणि माल अमेरिकेत जातो. पण ते जिथं बर्फ आणि खरेदीदार दोन्ही जवळ आहेत तिथं, सेराम-बुरू या मोठ्या बेटांच्या बाजूला. लांबच्या बेटावर मासा निघाला की तो संध्याकाळपर्यंत विकायचा, खायचा किंवा खारवायचा. बर्फाला वीज, विजेला डिझेल.

इथंच परतीच्या जहाजाची गोष्ट येते. सरकारनं 2015 पासून तोल लाउत म्हणजे समुद्रातला हायवे या नावानं सबसिडीची मालजहाजं सुरू केली, बेटांवरचे भाव खाली यावेत म्हणून. हेतू चांगला आणि मी त्याच्या बाजूनं आहे. पण पूर्वेकडे जाताना तांदूळ, सिमेंट, नूडल्सनं भरलेली जहाजं परत येताना बरीचशी रिकामी येतात. रिकामं जहाज म्हणजे सरकारनं कायम पदरमोड करायची, आणि पदरमोड कधीही बंद होऊ शकते. एक छोटं कोल्ड स्टोअर सोलरवर चाललं, वाळवलेलं जायफळ आणि जॅमची खोकी तयार असली तर परतीच्या फेरीला माल मिळतो आणि मग जहाज येत राहतं. आत्ता परत जाताना त्या जहाजांवर सगळ्यात जास्त काय चढतं माहितीये? तरुण पोरं.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत, बांदाला गेलो तर उपाशी राहू का?

नाही हो. तोफू-तेंपे मिळतं, भात आहे, कसाव्याचे प्रकार आहेत, आणि कनारीच्या बियांच्या वाटणातली वांगी ही तर बांदाची खासियत, ती खाऊनच या. भाज्या मात्र जहाजावर अवलंबून, जहाज येऊन बरेच दिवस झाले की बाजारात जे असेल ते. घरी जेवत असाल तर आधी सांगून ठेवा की माशाचा रस्सा पण नको.

प्रश्न: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हजार-दोन हजार लोकांच्या बेटासाठी जहाज, वीज, डॉक्टर हे सगळं पुरवण्यापेक्षा सरकारनं त्यांना मोठ्या बेटावर हलवलं तर पैसे वाचतील आणि त्यांचंही भलं होईल. यात चूक काय?

राग नाही, पण हे मला अजिबात पटत नाही. माणसं हलवण्याचा अनुभव इंडोनेशियाला भरपूर आहे, ट्रान्समिग्रासी नावाचा कार्यक्रम डचांनी 1905 मध्ये सुरू केला आणि राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात लाखो लोक जावातून बाहेरच्या बेटांवर नेले. बऱ्याच ठिकाणी आधीच्या लोकांशी जमिनीवरून वैर झालं. मलुकूत 1999 मध्ये जे दंगे पेटले त्याची कारणं पुष्कळ होती, पण अंबोन-सेरामला जमीन मोकळी पडलेली नाही हे त्यातून कळायला हवं होतं. मग या माणसांना ठेवायचं कुठं? कुणाच्या तरी जमिनीवरच ना.

आणि बेटावर ते फुकट बसलेले नाहीत. रुन-आयच्या लोकांकडे झाडं आहेत, होडी आहे, मासा आहे. शहराच्या कडेला खोली घेऊन राहिले तर यातलं काहीच नाही, तिथं त्यांना नव्यानं गरीब व्हावं लागेल. शिवाय बेटावरचे लोक गेले की बेट रिकामं राहत नाही, दुसरं कुणीतरी येतं, बाहेरची मोठी मासेमारी येते, बॉम्ब टाकून मासे मारणारे येतात. मलुकूत सासी म्हणून जुनी रीत आहे, गाव ठरवतं की अमुक महिने अमुक पाण्यात उतरायचं नाही, अमुक फळ तोडायचं नाही, आणि ते पाळलं जातं कारण बघणारे डोळे किनाऱ्यावर असतात. सरकारी गस्तीच्या बोटीचा खर्च धरा आणि मग सांगा कोण स्वस्त पडतं.

हां, कुणाला जायचंच असेल तर त्यानं जावं, त्याला कुणी अडवू नये. पण जाणं हा एकच रस्ता उरला म्हणून जाणं वेगळं.

प्रश्न: आम्ही दोघं डायव्हिंग करतो. कधी जावं, कसं जावं आणि आपले पैसे गावातच राहावेत यासाठी काय करावं?

शेवटचा भाग विचारलात म्हणून खूप बरं वाटलं. मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर जा, दोन वाऱ्यांच्या मधला शांत समुद्र. यातल्या दुसऱ्या सीझनमध्ये हॅमरहेड शार्क दिसण्याची शक्यता जास्त. गुनुंग आपीचा 1988 साली स्फोट झाला, लाव्हा थेट समुद्रात उतरला आणि त्या ताज्या खडकावर प्रवाळ इतक्या झपाट्यानं वाढलं की शास्त्रज्ञ अभ्यासाला आले, ती जागा चुकवू नका.

अंबोनपर्यंत विमान. पुढं शांत सीझनमध्ये तुलेहू बंदरातून फास्ट बोट, साधारण सहा तास, नाहीतर पेल्नीचं मोठं सरकारी जहाज, ते रात्रभर घेतं पण येणं-जाणं त्याच्या तारखांवर. छोटं विमान पण आहे, त्याच्या भरवशावर पुढची तिकिटं काढू नका. परतीला अंबोनमध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, 5 लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार, 30 दिवस, एकदा वाढवून मिळतो. मलेरियाबद्दल डॉक्टरला विचारून जा.

पैशाचं म्हणाल तर क्रूझ बोटीवर राहून डायव्हिंग केलं तर गावाला जवळपास काही मिळत नाही, राहणं-जेवण सगळं बोटीवर. त्यापेक्षा नेइरामध्ये गावच्या माणसाच्या गेस्टहाऊसमध्ये राहा, दोन रात्री आय किंवा याच पुंजक्यातल्या हट्टा नावाच्या बेटावर घरात काढा, होडी तिथल्याच माणसाची घ्या. नेइरात एटीएम आहे पण ते चालेलच असं धरू नका, रोख अंबोनमधून न्या, सुटे जास्त. जायफळ आणि जॅम थेट करणाऱ्या बायकांकडून घ्या आणि घासाघीस करू नका. प्लास्टिक कचरा बॅगेत घालून अंबोनला परत आणा, बेटावर तो टाकायला जागा नाही. आणि रुनला गेलात तर अंघोळ एका बादलीत.